मालक गेले, वहीत न लिहिलेल्या पैशांचं काय करू?

सांगलीवाडीकर: नमस्कार मंडळी. मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत पेढीवर १४ वर्षं दिवाणजी होतो. आमचे मालक, सगळे त्यांना अण्णाच म्हणायचे, मागच्या आठवड्यात गेले. रक्षाविसर्जनाला जाऊन आलो पण डोक्यातनं एक गोष्ट जाईना.

२०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं (धोक्याची पातळीच ४५ ची), आमच्या घरात माळ्यापर्यंत चिखल. पाणी उतरल्यावर अण्णा पॅन्ट गुडघ्यापर्यंत गुंडाळून दारात हजर, एका हातात फिनेलचा कॅन आणि दुसऱ्या हातात बाजारच्या पिशवीत ४० हजार. मी म्हटलं उचल म्हणून नावावर टाका, तर म्हणाले "आधी घर धू, मग बघू". आता हा माणूस असा की शेतकऱ्याच्या पट्टीत (विकलेल्या मालाच्या हिशोबात) १० रुपयांचा फरक आला तरी रात्री ९ पर्यंत बसवून ठेवायचा, पण हे ४० हजार कधी वहीत आलेच नाहीत. पुढच्या वर्षी ५ हजार घेऊन गेलो तर पोरीची फी भर म्हणून परत पाठवलं. नंतर जास्त पगारासाठी मीच पेढी सोडली, तरी दिवाळीला चिवड्याचा डबा यायचा राहिला नाही.

त्यांच्या मुलाला यातलं काही माहीत नसावं. पैसे नेऊन देऊ का?

मिरजकर_७२: द्या की. पण बाराव्याला चारचौघांत नको, नंतर एकटे जा. लोक लगेच गोष्टी करतात. (चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्यापेक्षा लावणाऱ्यांचे फोटो मोठे, तसं व्हायचं.)

हरिपूरचा: माझे वडील अण्णांकडं हमाल होते. आमच्याकडं पेवात (जमिनीखालच्या कोठारात) हळद असायची तेव्हाची गोष्ट, पेव उघडलं की आत श्वास घेण्याजोगी हवा नसते, तरी घाईत माणूस उतरवणारे व्यापारी होतेच. अण्णा काही तास उघडं ठेवायला लावायचे, कंदील सोडून बघायचे, गाडी खोळंबली तरी चालेल. २००५ ला पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, त्या साली त्यांचंच केवढं नुकसान, तरी हमालांची मजुरी एक दिवस थकली नाही.

माझं मत वेगळं आहे दादा. त्यांनी लिहिलं नाही ते तुम्ही कशाला लिहिताय? तुम्ही ४० दिलेत की मुलगा विचारणार अण्णांनी अजून कुणाकुणाला दिलेले. आमच्या बानंपण घेतलेले. सगळ्यांना परत द्यायला जमणार आहे का?

मिरजकर_७२: हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता, बरोबर आहे तुमचं.

सांगलीवाडीकर: काल जाऊन आलो. पाकीट खिशात होतं. मी काही बोलायच्या आत मुलगाच म्हणाला, "काका, सगळं टॅलीत आहे, पण जुन्या खतावणीतलं बाबांचं अक्षर मला लागत नाही, चार दिवस येऊन बसाल का?" अण्णांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, मलाच दोन वर्षं लागलेली कळायला. हो म्हटलं. उद्या ड्युटी सुटली की साडेपाचला जातोय, पैशाचं अजून बोललो नाही.