नुसता वाढघटक पुरत नाही

वाढघटक (पेशीला वाढायचा इशारा देणारं प्रथिन) मिळाला की यकृतपेशी विभागते, असं अनेकदा सांगितलं जातं. त्यात आधीची एक पायरी सुटते. इथे नागपुरात बी.एस्सी.ला शिकवताना मुलांचीही तीच सुटते, म्हणून लिहितो.

या पेशी एरवी जी-झिरो अवस्थेत, म्हणजे विभाजन थांबवून विश्रांतीत, असतात. उंदराच्या अखंड यकृतात नुसता एचजीएफ (यकृतपेशींचा वाढघटक) सोडला, तर फार थोड्या पेशी विभागतात. यकृताचा भाग कापल्यावर कुप्फर पेशींमधून (यकृतातल्या रोगप्रतिकारक पेशी) टीएनएफ, आयएल-६ ही संदेशवाहक प्रथिनं येतात आणि यकृतपेशी विभाजनाच्या तयारीला लागते. मग एचजीएफ पेशीवरच्या सी-मेट ग्राहीला (संदेश पकडणारं प्रथिन) जोडला जातो, आतली रास-ईआरके ही संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनांची साखळी चालू होते आणि विभाजनाकडे नेणारं सायक्लिन डी१ हे प्रथिन वाढतं. मला सर्वांत विलक्षण वाटतं ते पुढचं: सायक्लिन डी१ पुरेसं साठलं की वाढघटक काढून घेतला, तरी पेशी डीएनएची प्रत करतेच.