चुलीवरच्या माळ्यावरची काडतुसे

हाताने भरलेली काडतुसे पंधरा वर्षांनी वापरावीत का, असा प्रश्न कुणी विचारला तर माझ्या मते वयापेक्षा ती कुठे ठेवली होती हे महत्त्वाचे. आमच्या खानापूरच्या पावसात, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरील बंदुकीची काडतुसे वडील चुलीवरच्या माळ्यावर ठेवत. पितळी बुडावर हिरवा थर चढला होता आणि काडतुसाची कागदी नळी फुगून बंदुकीच्या नळीत शिरत नव्हती. काडतुसात भरलेल्या धूररहित दारूतले नायट्रोसेल्युलोज, म्हणजे तिचा मुख्य ज्वलनशील घटक, उष्णतेने विघटत जाते आणि त्यातून सुटणारे आम्लधर्मी वायू शोषण्यासाठी घातलेले डायफेनिलअमाइनसारखे द्रव्य संपले की ते विघटन वेग घेते, उग्र आंबट वास येतो, पितळ आतून खाल्ले जाते. अशी काडतुसे बंदुकीतून झाडून किंवा उघडून पाहू नयेत; पोलीस ठाण्याला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे जमा करावीत.