सासऱ्यांच्या मृत्युपत्रात आमचं नाव नाही. तरी खर्चाचा हक्क मागता येतो का?

नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते. मे २०२१ मध्ये कोविडने माझा नवरा गेला. त्याच्या नावावर काही नव्हतं. तेव्हापासून मी, मुलगी (यंदा बारावी) आणि मुलगा (आठवी) सासऱ्यांच्याच घरात आहोत. सासूबाई आधीच गेल्या होत्या. अण्णा (माझे सासरे) प्राथमिक शिक्षक होते, त्यांच्या पेन्शनवर घर चालायचं. मी ब्लाऊज शिवते. लग्नसराई सोडली तर महिन्याला पाच-सहा हजारांवर काही सुटत नाही.

अण्णांना साखर होती. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन मीच टोचायचे. शेवटच्या वर्षी पायाची जखम चिघळली, तेव्हा ड्रेसिंगही मीच करायचे. उपकार केले म्हणून सांगत नाही, ते मला वडिलांच्या जागी होते.

दिवाळीनंतर अण्णा गेले. तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी भाऊजींनी (मोठे दीर, पुण्यात असतात) मृत्युपत्र काढलं. घर आणि अण्णांनी स्वतः घेतलेली दीड एकर, दोन्ही भाऊजींना. मृत्युपत्र २०१७ चं आहे. तेव्हा वेगळं राहण्यावरून अण्णांचं आणि माझ्या नवऱ्याचं वाजलं होतं. पुढे सगळं मिटलं, पण कागद तसाच राहिला.

ते खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. सही अण्णांचीच आहे. पण पेन्शन बंद झाली, जूनपर्यंत घर मोकळं करा असा निरोप आलाय आणि जमिनीला गिऱ्हाईक बघणं चालू आहे. मृत्युपत्र खरं असलं, तरी अण्णा ज्यांना पोसत होते त्यांच्यासाठी कायद्यात काहीच नाही का? मुलीला नर्सिंगला घालायचंय. कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

कृष्णाकाठ
ताई, आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६. त्यातलं कलम २१ आणि २२ वकिलांना आवर्जून दाखवा. मृत माणसावर अवलंबून असलेल्यांच्या यादीत आधी वारलेल्या मुलाची विधवा, त्याचा अज्ञान (अठरा वर्षांखालचा) मुलगा आणि अविवाहित मुलगी हे तिघंही येतात. तुमचा हक्क पुनर्विवाह करेपर्यंत, मुलाचा अठरा वर्षांपर्यंत, मुलीचा लग्न होईपर्यंत. अटी अशा की तुमच्या नवऱ्याच्या मालमत्तेतून किंवा मुलांकडून निर्वाह होण्यासारखा नसावा आणि अण्णांच्या मिळकतीत मृत्युपत्राने किंवा वारसाने हिस्सा मिळालेला नसावा. ज्याला मिळकत मिळाली, मग ती मृत्युपत्राने का असेना, त्याने त्या मिळकतीतून अवलंबितांना पोसायचं असतं. म्हणजे तुम्ही मृत्युपत्र मोडायला जात नाही, त्या मिळकतीवरचा तुमचा निर्वाह मागताय. हे भाऊजींना आधी नीट समजावून सांगा, अर्धा राग तिथंच जाईल.

रक्कम कोर्ट ठरवतं. कर्ज वजा जाता मिळकत किती, तुमची कमाई किती, गरजा काय, मृत्युपत्रात काही ठेवलंय का, आणि अण्णांशी तुमचे संबंध कसे होते, हे सगळं कलम २३ प्रमाणे बघतात. त्यामुळे इन्सुलिनचं जे लिहिलंय ते वकिलांना सांगायला लाजू नका. दवाखान्याचे कागद, औषधांची बिलं, शाळेच्या पावत्या जपून ठेवा.

खरी घाई जमिनीची आहे. निर्वाहाचा बोजा (म्हणजे त्या मिळकतीतूनच वसूल करण्याचा हक्क) मिळकतीवर आपोआप चढत नाही, मृत्युपत्राने, कोर्टाच्या हुकूमनाम्याने किंवा कराराने वगैरे चढवावा लागतो. तुमच्या हक्काची कल्पना नसलेल्याने पैसे मोजून जमीन घेतली, तर त्याच्याकडून तुम्हाला काही मागता येत नाही. म्हणून वकिलामार्फत लेखी नोटीस द्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या आणि दाव्यात विक्रीला मनाई व बोजा दोन्ही मागा.

आंबेमोहर
वडिलोपार्जित काही आहे का? त्यात तुमच्या नवऱ्याचा हिस्सा असेल तर तो अण्णांना मृत्युपत्राने देता येत नाही. मात्र आजोबांकडून आली म्हणजे वडिलोपार्जित, इतकं ते सोपं नाही. जुने फेरफार काढून वकिलांना दाखवा. मृत्युपत्रात नसलेली मिळकत असेल, तर तिच्यात आधी वारलेल्या मुलाची विधवा आणि मुलं थेट वारस असतात, तिथं पोटगीचा नाही, हिश्शाचा प्रश्न येतो. वारसनोंदीची नोटीस आली तर पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्या. आणि फीची काळजी नको. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. पंचवीस गुंठे पणजोबांपासूनचे आहेत, मृत्युपत्रात त्यांचा उल्लेखच नाही. सातबारा अजून अण्णांच्याच नावे आहे.

अजून एक विचारायचंय. अण्णा रोजचा जमाखर्च लिहायचे. त्यांच्या ट्रंकेत २०२१ पासूनच्या चार वह्या सापडल्या. काल मुलीने वाचून दाखवल्या. 'नातीचे क्लास, ४५००.' 'नातवाचे बूट, ६५०.' 'सूनबाईंच्या मशीनचा पट्टा, ८०.' दर महिन्याच्या शेवटी लाल शाईने बेरीज. आमचा खर्च तेच करत होते याचा पुरावा म्हणून या वह्या चालतील का? अक्षर त्यांचंच आहे, गावातली निम्मी माणसं त्या अक्षरावरून लिहायला शिकली आहेत. सोमवारी समितीच्या कार्यालयात जातेय. मूळ वह्याच न्यायच्या की झेरॉक्स?

कृष्णाकाठ
चालतील, आणि फार मोलाच्या आहेत. दाखवायला मूळ न्या, द्यायला झेरॉक्स. मूळ वह्या कोर्टाखेरीज कुणाच्याही हातात ठेवू नका. आणि वकील भेटेपर्यंत घर सोडू नका, कशावर सहीही करू नका.