विन्स्लो होमरची जलरंगचित्रं: पांढरा रंग कुठे, कोरा कागद कुठे?

निळी_शाई:
एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन चित्रकार विन्स्लो होमर याच्या जलरंगांच्या प्रतिकृती करतोय. १८७३ च्या ग्लॉस्टरच्या (अमेरिकेतलं मॅसॅच्युसेट्सचं बंदर) चित्रांत पांढरा रंग चक्क वरून लावलेला दिसतो. १८९० नंतरच्या चित्रांत मात्र उजेड बहुतेक कागदाचाच. हा बदल नेमका कधी झाला? आणि लाटांचा तो खरबरीत पांढरा कसा आणायचा? मास्किंग फ्लुइड (कोरा ठेवायचा भाग झाकणारा, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) वापरलं की कड कात्रीने कापल्यासारखी येते.

ओला_कागद:
अमुक एक साल सांगता येणार नाही. होमर आधी बॉस्टनमध्ये लिथोग्राफीच्या छापखान्यात उमेदवार होता, मग 'हार्पर्स वीकली' या साप्ताहिकासाठी लाकडी ठशांची चित्रं काढायचा. जलरंगाकडे गंभीरपणे वळला तो १८७३ मध्ये, सदतिशीत. त्यामुळे सुरुवातीची चित्रं म्हणजे रंग भरलेली रेखाटनंच: खाली पेन्सिल, वर चायनीज व्हाइट, म्हणजे अपारदर्शक पांढरा रंग. १८८० च्या उन्हाळ्यात ग्लॉस्टर बंदरातल्या टेन पाउंड बेटावर राहिला, तेव्हा ओल्यात ओले वॉश (पातळ रंगाचे थर) मोकळे झाले.

खरी उडी १८८१-८२ ची, इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या कलरकोट्स या कोळ्यांच्या गावातली. तिथे कागद मोठा झाला आणि रंग उचलणं, पुसणं, खरवडणं सर्रास दिसू लागलं. १८८४-८५ च्या हिवाळ्यात बहामा आणि क्यूबाला गेला. तिथल्या उन्हाच्या भिंती बघा, कागद कोरा सोडायचं धाडस तिथे दिसतं. चरित्रांमध्ये मेनमधल्या प्राउट्स नेकच्या एकांतवासाचंच कौतुक जास्त असतं. जलरंगापुरतं बोलायचं तर प्रवास जास्त महत्त्वाचे.

खरवड:
मास्किंग फ्लुइड बाजूला ठेवा. वॉश पूर्ण वाळला की स्वच्छ पाण्याच्या ब्रशने फेसाचा आकार काढा, २०-३० सेकंद थांबा आणि टिपकागद वरून दाबून उचला. घासू नका, तंतू उभे राहतात. एकदा पुरेसं उजळलं नाही तर वाळू द्या आणि पुन्हा करा. कड मऊ येते, आत थोडा रंग राहतो, होमरचा फेस तसाच आहे.

अगदी पांढरे ठिपके आणि ॲडिरॉन्डॅकच्या (न्यूयॉर्क राज्यातले डोंगर) चित्रांतली गळाची दोरी यासाठी धारदार पातं. पातं आडवं धरून कागदाचे उंचवटे तेवढे तासले तर खरबरीत चमक येते, टोकाने ओढलं तर रेघ. कागद जराही दमट असला तर फाटतो. खरवडणं सगळ्यात शेवटी करा, कारण तिथलं सायझिंग (कागदाने रंग शोषू नये म्हणून दिलेला लेप) निघून जातं आणि वरून रंग लावला की तो शोषला जाऊन काळपट डाग पडतो. कागद ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन, जिलेटिनचं सायझिंग असलेला घ्या.

निळी_शाई:
पाण्याने उचलून पाहिलं. निळा अर्धाच निघतो, हिरवट डाग राहतो.

खरवड:
थॅलो ब्लू आहे का? तो तंतूंमध्ये मुरतो, निघणार नाही. शिवाय होमरच्या हयातीत तो नव्हताच. अल्ट्रामरीन किंवा कोबाल्ट घ्या.

मंद_उजेड:
एक गोष्ट राहिली. आज दिसणारे रंग जसेच्या तसे उतरवू नका. त्याने वापरलेले काही लाल-जांभळे लेक रंग (रंजकापासून बनवलेले रंग) उजेडात उडून गेलेत. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधल्या १८८७ च्या 'फॉर टू बी अ फार्मर्स बॉय'चं आकाश आज फिकट, जवळजवळ रिकामं दिसतं. तिथे मुळात सूर्यास्ताचे लाल-नारिंगी वॉश होते, हे रंगकणांच्या तपासणीतून कळलं. म्हणून असं मोकळं आकाश दिसलं की 'इथे कागद सोडलाय' असं लगेच धरू नका. फ्रेमखाली झाकलेली कड कुठे छापलेली मिळाली तर ती बघा, तिथे रंग टिकलेला असू शकतो. आणि प्रतिकृतीत अलिझरिन क्रिमसन पीआर८३ (हा ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक) टाळा, तोही उडतो. क्विनाक्रिडोन पीव्ही१९ चालेल, फक्त तो डाग धरतो, तेव्हा जिथून रंग उचलायचाय तिथे लावू नका.