मेंढा आत्ता सोडू का मृगानंतर? आणि गाय तिसऱ्यांदा उलटली (भरवूनबी गाभण राहिली नाही, पुन्हा माजावर आली)

कुहीवाला
राम राम भाऊ लोकं. आपल्याकडं ३८ मेंढ्या, २ मेंढे आणि एक जर्सी क्रॉस गाय. मागच्या साली मे एंडलाच मेंढे सोडले, म्हटलं दिवाळीच्या आसपास कोकरं येतील, तर १४ मेंढ्या खालीच राहिल्या, गाभण झाल्याच नाही. वरून पहिल्या पाण्यानंतर ५ मेंढ्या गेल्या, त्याबी चांगल्या धष्टपुष्ट, संध्याकाळी चरून आल्या अन् सकाळी पोट फुगून मेलेल्या. गाय तर तीनदा भरवली, तीनदा उलटली. आता १२ मे आहे, पारा ४५ ला टेकला, आधी काय करू? लस, जंताचं औषध, का मेंढा?

काटोलचा_धनगर
भाऊ, १४ खाली राहिल्या त्यात मेंढ्यांचा दोष काऊन धरता, मेंढा पाहा आधी. मीबी दोन वर्ष मेंढ्याच विकत बसलो बापा. मेंढ्याच्या अंडांना अंगापेक्षा कमी गरमी लागते, आपल्या मे महिन्यात टिनाखाली बांधला की बीज खराब होते, अन् नवीन चांगलं बीज तयार व्हायला ७ आठवडे जातात. म्हणजे ऊन आज कमी झालं तरी मेंढा आज कामाचा नाही. आत्तापासून कडुनिंबाखाली ठेवजो, दुपारी सोडायचाच नाही, पाणी भरपूर, अंडावरची लोकर कातरून टाक. जुलैत सोडजो, १५० दिवस धर, कोकरं डिसेंबरात. सोडायच्या २-३ आठवडे आधीपासून मेंढ्यांना रोज पाव किलोच्या आत मका-ज्वारीचा भरडा दे, हळूहळू वाढवत. आणि मेंढ्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावजो, १७ दिवसांनी रंग बदल. ज्या मेंढीच्या पाठीवर दुसरा रंग उठला ती उलटली समज, बहुतेकींवर उठला तर मेंढाच फेल.

उमरेड_रोड
डिसेंबरात नागपूरची थंडी पाहिली का? कोकरं गारठतात.

काटोलचा_धनगर
हाव, पण वाऱ्याच्या बाजूनं तट्टे अन् खाली तुरीचं कुटार टाकलं की निभते. खाली मेंढी पोसण्यापेक्षा बरं.

पशुवाला_हिंगणा
त्या ५ मेंढ्या आंत्रविषारानं गेल्या असतील, वर्णन तसंच आहे. पहिल्या पाण्यानंतर कोवळा लुसलुशीत चारा जास्त खाल्ला की आतड्यातले जंतू वाढतात अन् विष सोडतात, जो जास्त खाते तोच धष्टपुष्ट आधी जाते, उपचाराला टाइमच भेटत नाही. जंताचं औषध या आठवड्यात, लस २० मेच्या आसपास, पहिल्यांदा देत असाल तर दुसरा डोस १४ दिवसांनी, म्हणजे मृगाच्या आधी दोन्ही उरकतात. आणि पाणी पडल्यावर उपाशी कळप हिरव्यात घालू नका, घरून थोडं कुटार खाऊ घालून काढा.

उमरेड_रोड
जंताचं औषध मेंढा सोडल्यावर द्या, एकाच वेळी पोट साफ. मी अल्बेंडाझोल देतो सगळ्यांना.

पशुवाला_हिंगणा
असं करू नका हो, गाभण राहिल्यावर पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल दिलं तर पोटातल्या पिल्लात व्यंग येऊ शकते. म्हणूनच आत्ता, मेंढा सोडायच्या आधी. नंतर लागलंच तर डॉक्टरला गाभणीचं सांगून औषध घ्या.

गायवाली_कामठी
दादा, गाईचं कोणी बोललंच नाही. उन्हाळ्यात मुका माज असते, गाय हंबरत नाही, दुसऱ्या गाईवर चढत नाही, माज येते तो रात्रीच. मी पहाटे ४ ला आणि रात्री १० ला बॅटरी घेऊन पाहते, मागून काचेसारखी चिकट तार लोंबताना दिसली की माज समजायचा. सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तुम्ही बहुतेक घरचं कोणी मोकळं झालं की तेव्हाच भरवायला डॉक्टर बोलावता, माझ्या घरीबी तेच होतं. पण तीनदा उलटली ना, आता चौथ्यांदा भरवू नका, आधी डॉक्टरकडून गर्भाशय तपासून घ्या, तार गढूळ असली तर तर नक्कीच. १९६२ वर फोन लावा, जनावरांच्या डॉक्टरसाठीचा सरकारी नंबर आहे. मिनरल मिक्श्चर देता का, का नुसती ढेप? आणि घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधी तिलाही, मेंढ्यांच्या धांदलीत गाय राहून जाते.

कुहीवाला
ढेपच देतो ताई, पकडलं तुम्ही. मेंढे तर टिनाखालीच होते, आजच निंबाखाली हलवले. उद्या जंताचं औषध आणतो. गेरू मागच्या पोळ्याचा डब्यात उरला आहे, दुसरा रंग कोणता घेऊ, हळद चालते का?

काटोलचा_धनगर
हळद पावसात उतरते. निळीची पुडी घे.