शब्दचर्चा : ‘चंचल पसंती’ म्हणावं का?

प्रश्न : वर्तन-अर्थशास्त्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. आज एक ठरवायचं आणि वेळ आली की दुसरंच निवडायचं, या वागण्याला मी ‘चंचल पसंती’ लिहिलं. संपादकांना ते पटलं नाही. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर : संपादकांचं बरोबर आहे. चंचल मन कधी कुठे वळेल याचा नेम नसतो. इथे पालट आधीच मांडून दाखवता येतो. आज १००० रुपये की महिन्याने ११००? बरेच जण हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागत नाहीत. पण वर्षाने १००० की १३ महिन्यांनी ११०० असं विचारा, तेच थांबायला तयार होतात. वर्ष सरलं की पुन्हा १०००!

रकमेचं आजचं मोल = रक्कम ÷ (१ + ०.२५ × महिने) धरा. आज तुलना १००० आणि ८८० ची. वर्षभर पुढची तुलना २५० आणि सुमारे २५९ ची. पारडं फिरलं. अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएलसन यांच्या १९३७ च्या मांडणीत मात्र मोल दर महिन्याला एकाच पटीने घटतं, म्हणून दोन रकमांचं गुणोत्तर कायम राहतं आणि निवड उलटत नाही. वरच्या सूत्रात काळानुसार पारडं फिरू शकतं, त्या गुणधर्माला मी ‘कालविसंगती’ म्हणेन आणि प्रत्यक्ष उलटण्याला ‘पसंतीपालट’. खांदेपालट, मतपालट यांच्या पंगतीत तो सहज बसतो.

प्रश्न : आणि पुढे मिळणाऱ्या रकमेचं आजचं मोल असं कमी धरणं, म्हणजे ‘डिस्काउंटिंग’? सूट?

उत्तर : सूट नको, ती दुकानदार देतो. मुदतीआधी हुंडी वटवताना कापला जातो तो वटाव. त्यात काळाची किंमत आहेच. सॅम्युएलसन यांचा ‘घातांकी (एक्स्पोनेन्शियल) वटाव’, वरच्या सूत्राचा ‘अपास्ती (हायपरबोलिक) वटाव’. ‘अतिपरवलयी’ कृपया लिहू नका. तो हिंदीतला शब्द. आपल्याकडे पॅराबोलाला अन्वस्त, हायपरबोलाला अपास्त हे शब्द रुळलेले आहेत.

आणखी एक मत : वरची दोन्ही उत्तरं मान्य. लेखात पुढे ‘कमिटमेंट’ येईल, तिथे ‘वचनबद्धता’ टाळा. वचन दुसऱ्याला देतात. इथे माणूस उद्याच्या स्वतःलाच बांधतो, जसं भिशीत पैसे अडकवून ठेवतात. रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांच्या योजनेत कामगार पुढच्या पगारवाढीतला वाटा आधीच बचतीला लिहून देत. पहिल्या कंपनीत ४० महिन्यांत त्यांची बचत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. मी ‘स्वबंधन’ सुचवतो. मात्र त्या योजनेतून केव्हाही बाहेर पडता येत होतं, तेव्हा तिथे ‘ऐच्छिक स्वबंधन’ लिहिलेलं बरं.