डिप्लॉय : 'तैनात' की 'चढवणे'?

प्रश्न (नांदेड) : बीसीएच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. वेब अ‍ॅप्लिकेशन वेगवेगळ्या सर्व्हरवर स्क्रिप्टने आपोआप 'डिप्लॉय' करण्याचा, म्हणजे बसवून चालू करण्याचा, धडा आहे. 'तैनात करा' लिहिलं की मुलांना पोलीस बंदोबस्त आठवतो. दुसरा शब्द सुचवाल का?

उत्तर (लातूर) : ताई, मुलांचा कान बरोबर आहे. 'तैनात' अरबीतून फारसीमार्गे आला आणि आपल्याकडे नेमणुकीवरच्या माणसांनाच चिकटला. मराठवाड्याला तर त्याची जुनी ओळख. निजामाने १७९८ साली तैनाती फौज पत्करली, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण त्याच राज्यात होतो. ती फौज येऊन मुक्काम ठोकते. अ‍ॅप्लिकेशन आठवड्याला बदलतं.

आम्ही दिवसभर 'चढवणे' म्हणतो, आधी चाचणीच्या सर्व्हरवर (टेस्ट), मग लोक वापरतात त्यावर (प्रॉडक्शन). "टेस्टवर चढवलंस का? मग प्रॉडक्शनला चढव." सातबाऱ्यावर नाव चढतं, कर्जाचा बोजा चढतो आणि फेडला की उतरतो. रोलबॅकला, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जाण्याला, 'उतरवणे' आयताच मिळतो.

(परभणी) : पण दादा, 'चढवणे' अपलोडसाठी आधीच रुळलाय. मराठी विकिपीडियावर 'संचिका चढवा' असंच आहे. मुलं गोंधळतील.

(लातूर) : शंका रास्त आहे, आणि हा फरक मी ठेच लागून शिकलोय. पूर्वी आम्ही तीन सर्व्हरवर हाताने फाइली टाकायचो. एका रात्री तिन्हीकडे फाइली गेल्या, पण तिसऱ्याच्या डेटाबेसमध्ये नवा रकाना घालायचा राहिला. सकाळी दर तिसऱ्या माणसाला फॉर्म भरताना एरर. फाइली चढल्या होत्या, आवृत्ती चढली नव्हती. म्हणून क्रियापद तेच ठेवून त्याचं कर्म बदला : अपलोड म्हणजे 'फाइल चढवणे', डिप्लॉय म्हणजे 'आवृत्ती चढवणे'. आवृत्तीत डेटाबेसचे बदल, सेटिंग, सर्व्हिस पुन्हा सुरू करणं, सगळं आलं.

कॅपिस्ट्रानो या आपोआप डिप्लॉय करणाऱ्या साधनाचं उदाहरण मुलांना उघडून दाखवा. प्रत्येक वेळी 'रिलीजेस'मध्ये तारीख-वेळेच्या नावाचा नवा फोल्डर बनतो आणि शेवटी 'करंट' नावाचा दुवा त्याच्याकडे वळतो. काही बिघडलं तर दुवा मागच्या फोल्डरकडे वळवायचा. नेहमीच्या सेटिंगला शेवटचे ५ फोल्डर ठेवले जातात. पण डेटाबेस दुव्याबरोबर मागे येत नाही, हे ठळक लिहा.

(नांदेड) : आणि 'एन्व्हायर्नमेंट', म्हणजे कोड जिथे चालतो तिथली सगळी मांडणी? 'पर्यावरण' नको वाटतं.

(लातूर) : तो शब्द तसाच ठेवा, उदाहरण रानाचं द्या. काळ्या रानात आणि मुरमाड माळावर बी एकच, पण वापसा वेगळ्या वेळी येतो, पाण्याच्या पाळ्या वेगळ्या. तसाच कोड सगळीकडे एक. डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पोर्ट त्या त्या सर्व्हरचे. ते कोडमध्ये लिहायचे नाहीत, सर्व्हरवरच ठेवायचे.

(नांदेड) : पटलं. धड्याचं नाव ठेवते : 'एका आज्ञेत सगळ्या सर्व्हरवर आवृत्ती चढवणं'. कंसात डिप्लॉयमेंट, कारण मुलाखतीत तोच शब्द विचारतील.